अस्तित्वात नसलेल्या यंत्राची दुरुस्ती

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातील खिडकी क्रमांक दोनचे आभासी यंत्र सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बंद पडले. ते त्याआधीच बंद पडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु खिडकीच दहा चाळीसला उघडत असल्याने त्यापूर्वी काही घडल्याची कार्यालय दखल घेत नाही.

खिडकीमागे बसणाऱ्या लिपिकाला सगळे उद्यासाहेब म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी समोरच्या माणसाला एकदाही ‘नाही’ म्हटले नव्हते. तेवढा कठोरपणा त्यांच्या स्वभावातच नव्हता हो. ते फक्त ‘उद्या या’ म्हणत.

आता हे आभासी यंत्र काय प्रकरण आहे ते सांगायला हवे. नोंदींचा जुना प्रोग्राम फक्त जुन्या कॉम्प्युटरवर चाले. चार वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, नवा आला, आणि नव्याने जुन्या प्रोग्रामला दारात उभे करायलाही नकार दिला. तेव्हा कंत्राटावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करून दिला. त्याला ना डबा ना वायर, तो दिसे फक्त पडद्यावर. काम मात्र चोख. या सोयीला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. कार्यालयीन भाषेत, आभासीकरण. सोमवारी पडद्याने तीच सोय उपलब्ध नसल्याचे कळवले.

एरवी उद्यासाहेबांनी ‘यंत्र बंद आहे’ ही पाटी लावून निवांत चहा घेतला असता. आज त्यांनी पाटीला हातही लावला नाही. त्यांच्या धाकट्या लेकीला दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत जन्मदाखला पाठवला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. पोरगी तीन वर्षे दाखला मागत होती. उद्यासाहेब म्हणत, “अगं, घरचंच काम आहे. उद्या करून टाकू.”

दुरुस्तीवाल्या बाई आल्या, त्यांनी दहा मिनिटे खटाखट बटणे दाबली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अपडेट अर्धवट राहिलेत. एक नाही, अकरा. ते चालू असताना कुणीतरी वीज घालवलीय. अकरा वेळा.”

“कुणीतरी?” उद्यासाहेब म्हणाले.

कुणीतरी वगैरे काही नव्हते. रीतसर काम होते. दिवसभर पडदा विचारी, अपडेट आता करू की नंतर? उद्यासाहेब ‘नंतर’ दाबत. शेवटी कंटाळून कॉम्प्युटर पाच वीसला स्वतःच सुरुवात करी आणि लिही, ‘कृपया बंद करू नका.’ आणि भिंतीवरचे परिपत्रक म्हणे, साडेपाचला मेन स्विच बंद करावा. परिपत्रकाला जावक क्रमांक होता, पडद्यावरच्या सूचनेला नव्हता. मग ऐकायचे कोणाचे? शिपाई स्विच पाडी आणि उद्यासाहेब रजिस्टरात सही करीत.

“बरं, आता उपाय?”

“खराब अपडेट काढायचे, नीट पुन्हा घालायचे, आतलं एक सेटिंग चालू करायचं. तीन तासांचं काम.”

“मग करा की!”

“लेखी आदेश द्या. आदेशाशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, असं माझ्या कंत्राटात लिहिलंय. टाइप तुम्हीच केलं होतं.”

आदेशासाठी अर्ज भांडारपालाकडे गेला. त्याने वस्तूंचे रजिस्टर काढले, बोटाला थुंकी लावून पाने उलटली.

“हे यंत्र रजिस्टरला नाही.”

“अहो, ते आभासी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे... आहे असं वाटतं, पण नसतं.”

“मग नाही ते बिघडेल कसं? आणि समजा बिघडलं, तर दुरुस्त झाल्यावर मी ते ठेवू कुठे?”

उद्यासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुद्दा बिनतोड होता. भांडारपालाच्या जागी असते तर त्यांनीही हाच काढला असता, आणि वर चहा मागवला असता.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी तोडगा सुचवला: यंत्र आधी अस्तित्वात आणावे, मग दुरुस्त करावे. त्याप्रमाणे नोंद झाली. लांबी निरंक, रुंदी निरंक, वजन निरंक. नियमानुसार यंत्रावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक टाकायचा होता. शिपाई ब्रश घेऊन आला आणि म्हणाला, “कुठे रंगवू?” यंत्र पडद्यावरच दिसते, हे सर्वांना मान्य होते. त्याने पडद्याच्या काचेवर वळणदार अक्षरात क्रमांक काढला.

बुधवारी तपासणी समिती आली. तिघांनी टेबलाखाली, कपाटामागे आणि खिडकीबाहेर तासभर शोध घेऊन अहवाल दिला की यंत्र जागेवर आढळले नाही. लगेच उद्यासाहेबांना मेमो मिळाला: सरकारी यंत्र हरवल्याबद्दल खुलासा करावा. घाबरलेल्या उद्यासाहेबांनी खुलासा केला की यंत्र हरवलेले नसून ते मुळात नव्हतेच.

ही त्यांची चूक झाली. गुरुवारी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावले.

“यंत्र नव्हतं, असं तुम्ही लेखी दिलंय. मग चार वर्षं दाखले कशावर काढले?”

“साहेब, त्याच यंत्रावर.”

“म्हणजे दाखलेही आभासी! किती जणांना दिले?”

“नऊ हजारांच्या आसपास.”

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. मग त्यांनी टिपणी लिहिली की पुढील आदेशापर्यंत सदर नऊ हजार नागरिक जन्मले असल्याचे गृहीत धरू नये.

“साहेब, माझ्या मुलीचा दाखला उद्या सहाच्या आत हवा हो,” उद्यासाहेब म्हणाले. “पाया पडतो तुमच्या.”

साहेबही माणूसच होते. शुक्रवारी अडीच वाजता त्यांनी आदेश काढला: ‘यंत्र अस्तित्वात असल्यास दुरुस्त करावे.’ बाई वाटच बघत होत्या. त्यांनी खराब अपडेट काढले, नवे घालायला घेतले. लेक दोनपासून खिडकीबाहेर रांगेत उभी होती, कारण आत ‘नातेवाइकांस प्रवेश नाही’ अशी पाटी होती. पाटीवर सही उद्यासाहेबांची.

पाच वीसला पडद्यावर एक्क्याण्णव टक्के दिसले. त्याखालची ‘कृपया बंद करू नका’ ही ओळ ऑइलपेंटखाली गेली होती, पण उद्यासाहेबांना ती आता तोंडपाठ होती.

“झालंच म्हणायचं,” बाई म्हणाल्या. “पावणेसहाला दाखला हातात.”

पाच अठ्ठावीसला शिपाई मेन स्विचकडे निघाला.

“अहो, थांबा!” उद्यासाहेब ओरडले. “आजच्या दिवस पंधरा मिनिटं!”

“लेखी द्या, साहेब. गेल्या वर्षी पाच मिनिटं उशीर झाला, तर तुम्हीच मला मेमो दिला होता.”

उद्यासाहेबांनी दोन ओळी खरडल्या. शिपायाने कागद उलटसुलट करून पाहिला.

“जावक क्रमांक?”

जावक लिपिक सव्वापाचला घरी गेला होता.

“अहो, कागद कसले लिहिताय!” बाई किंचाळल्या. “हात धरा त्याचा! तुमची पोरगी आहे ना ती?”

उद्यासाहेब उठले. स्विचपर्यंत गेलेही. शिपायाचा हात धरायला त्यांनी हात पुढे केला, आणि त्याच वेळी त्यांची नजर भिंतीवरच्या परिपत्रकावर पडली. गोल शिक्का, जावक क्रमांक, साडेपाच. बावीस वर्षांची सवय ती. हात हवेतच राहिला. सत्त्याण्णव टक्क्यांवर खट् आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

खिडकीतून लेकीने विचारले, “बाबा, झाला?”

उद्यासाहेबांनी तोंड उघडले. काहीतरी वेगळे बोलायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला.

“उद्या...”

“उद्या नाहीये, बाबा,” ती म्हणाली आणि खिडकीपासून बाजूला झाली. तिच्या मागच्या माणसाने अर्ज पुढे सरकवला.

तुम्हाला उद्यासाहेबांचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त तुमच्या स्वतःच्या पडद्यावर गेले तीन आठवडे जी चौकट उघडते आहे, तिच्यातले कुठले बटण तुम्ही रोज दाबता, तेवढे आठवून बघा. आणि ‘घरचंच काम आहे’ असे घरात कुणाला म्हणाला होतात, तेही. आठवत नसेल, तर राहू द्या. उद्या आठवा.