भिंतीमागचं डावं-उजवं

"फिटर कशाला हवा? चार पाइप तर जोडायचेत," असं भावोजींनी बायकोला ठणकावून सांगितलं होतं. फिटर म्हणजे बायकोचाच सख्खा भाऊ, त्यामुळे ते जरा जास्तच ठणकावलं गेलं. गाड्या धुण्याचं केंद्र बायकोचं. गिऱ्हाइकाने यावं, बटण दाबावं, आपली गाडी आपण धुवावी. आज त्याचा पहिला दिवस होता, आणि पाइपांत गडबड निघाली तर पंपाच्या खोलीची किल्ली कायमची मेहुण्याकडे जाणार होती. तो "भावोजी, सरका जरा" म्हणत रोज आपल्यासमोर वावरणार, या कल्पनेनेच त्यांचं डोकं उठत होतं.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. पुढे गाड्या लावायच्या तीन जागा, मागे भिंत, भिंतीमागे पंप. पंपावरच्या झडपांना डावी, मधली, उजवी अशी नावं होती, ती पुढून बघणाऱ्याच्या हिशेबाने. भावोजींनी पाइप जोडले ते मागे उभं राहून, आपल्या हातांच्या हिशेबाने. मग मधलं बटण दाबून पाहिलं. पाणी झकास आलं. बाकीची दोन बघण्याइतका अविश्वास त्यांचा स्वतःवर कधीच नव्हता.

सकाळी डावीकडे बेकरीवाल्याची व्हॅन लागली, उजवीकडे दातांच्या डॉक्टरांची गाडी. बेकरीवाल्याने बटण दाबलं. त्याच्याकडे थेंब आला नाही. तिकडे डॉक्टर फवाऱ्याचा खटका धरून, सवयीप्रमाणे त्याच्या तोंडात डोकावत होते. मान वर केली म्हणून डोळे वाचले. सदरा मात्र अंगावरच धुऊन निघाला.

भावोजींच्या क्षणात सगळं लक्षात आलं. डॉक्टरांच्या हाती टॉवेल देऊन त्यांनी बटणांची पेटी उघडली आणि डाव्या-उजव्या बटणांच्या वायरींची गुपचूप अदलाबदल केली. पहिल्या दिवसासाठी आलेल्या मेहुण्याच्याही लक्षात आलंच होतं. भावोजींची चारचौघांत शोभा नको म्हणून तो बिचारा मागे गेला आणि डाव्या-उजव्या पाइपांची गुपचूप अदलाबदल करून आला. मनाने तो चांगला होता, हे भावोजींना फार खुपायचं.

"आता दाबा," दोघेही एकदमच म्हणाले.

डॉक्टरांनी दाबलं. बेकरीवाला नखशिखान्त भिजला.

बायकोने दोघांना समोर बोलावलं. कोणी काय केलं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. आणि मी सांगेपर्यंत कुणी काही दुरुस्त करायचं नाही."

दोघे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिने पेटी उघडून फक्त वायरी पूर्ववत केल्या, तिन्ही बटणं दाबून पाहिली, तिन्ही जागी पाणी आलं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये गेली.

भावोजींना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी मेहुण्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि त्यांची छाती पुन्हा फुगली.

"बघ," ते म्हणाले, "मी सांगत नव्हतो? फिटरची काही गरज नव्हती."