ठणठणीत गुडघ्याचं दुखणं

डॉक्टर धरायचा तर आधी त्याची परीक्षा घेतली पाहिजे, हा विचार गिऱ्हाईकरावांच्या डोक्यात आला तेव्हा ते स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात कठडा धरून उभे होते. छाती धडधडत होती आणि डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"काय रे, थांबलास का?" वरून मास्तरांनी विचारलं.

"चपलेचा पट्टा सुटलाय," गिऱ्हाईकराव म्हणाले. पायात बूट होते.

गिऱ्हाईकराव हे नाव त्यांना धंद्यानं दिलं होतं. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचं, नोकरमाणसं कशी वागतात ते बघायचं आणि गुपचूप मालकाला कळवायचं, हे त्यांचं काम. आज शर्ट घ्यायचा, उद्या परत करायला जायचं आणि दुकानदाराचं हसू कुठवर खाली उतरतं ते मनात मोजायचं. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मास्तर तरण तलावावर पोहायला शिकवत. दोघांचं एक घर होतं, एक फ्रिज होता आणि एकच धड छत्री होती. एवढ्या वर्षांत ही छत्री कोण नेणार यावरून जेवढं वाजलं, तेवढंच.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं," घरात शिरल्यावर मास्तर म्हणाले. "बुटाला पट्टा लागायला लागला म्हणजे प्रकरण साधं नाही."

"कोणत्या डॉक्टरकडे?"

हा प्रश्न मात्र खरा होता. त्यांच्या लहानपणापासूनचे जे म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्या लेखी मास्तर म्हणजे गिऱ्हाईकरावांचे पोटभाडेकरू. खोकला दाखवायला जावं तर ते स्टेथोस्कोप छातीला लावूनच विचारत, "काय, भाडेकरू अजून आहेच का? तू लग्न केलंस की जाईल म्हणा." अशा माणसापुढे छातीतली खरी धडधड कशी काढून ठेवायची? आणि मागे गिऱ्हाईकरावांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा तर फारच झालं. दारावरच्या नर्सनं "फक्त नातेवाईक" म्हणताच मास्तर घाबरून मावसभाऊ झाले. संध्याकाळी आई आली तर नर्स कौतुकानं म्हणाली, "तुमच्या बहिणीचा मुलगा फार करतो हो." आईला बहीणच नव्हती. पण बाई पक्की. "हो ना," ती म्हणाली, "आमच्या घराण्यात तोच एक कामाचा निघाला."

आई हसली, मास्तरही हसले. गिऱ्हाईकरावांना मात्र टाके नसते तरी हसू आलं नसतं. उद्या खरंच काही झालं तर मास्तर आपल्या उशाशी कोण म्हणून बसणार, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांना असा डॉक्टर हवा होता, की ज्याच्यापुढे "हा माझा जोडीदार" असं म्हणता येईल आणि म्हटल्यावर खोलीतली हवा बदलणार नाही.

"मग विचारू की चार जणांना," मास्तर म्हणाले.

"विचारून काय कळतं? दुकानाची पाटी सगळेच वाचतात. मी आत जाऊन बघतो."

आणि आत जायचं ते खोटी तक्रार घेऊन, कारण तो त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता. ज्याला खरोखरच शर्ट हवा असतो तो दुकानदाराची मिजास चालवून घेतो. ज्याला नको असतो त्यालाच दुकान दिसतं. त्यांनी गुडघा निवडला. गुडघा हा सभ्य अवयव. कुणापुढेही काढता येतो.

पहिला दवाखाना भारी होता. काचेचं दार, पाठीला न टोचणाऱ्या खुर्च्या, डॉक्टरांचा आवाज मखमली. गिऱ्हाईकराव लंगडत आत गेले, गुडघ्याचं वर्णन केलं आणि बोलता बोलता हळूच सांगून टाकलं, "माझा जोडीदार रात्री शेकून देतो. पुरुष आहे तो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग फार जपून, काचेचं भांडं उचलावं तसं त्यांनी विचारलं, "आणि हे कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. जिना उतरताना जास्त."

"गुडघ्याचं नाही. ते."

"ते होय? ते दुखत नाही."

डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि रक्ताच्या एवढ्या तपासण्या लिहून दिल्या, की प्रयोगशाळेतली मुलगी कागद पाहून गिऱ्हाईकरावांकडे नव्या आदरानं बघू लागली. त्यांतली एकही गुडघ्याची नव्हती.

दुसरा दवाखाना तरुण डॉक्टरचा. इथं पेन थांबलं नाही. डॉक्टरच उठून उभा राहिला. "अरे वा," तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं, जणू गिऱ्हाईकरावांना परदेशी शिष्यवृत्ती मिळाली होती. "मला तुमच्यासारख्यांबद्दल फार आदर आहे. आता आलाच आहात तर एक सांगा, या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे शोभतील?"

"मला रंगांतलं काही कळत नाही हो."

"असं कसं?" डॉक्टर खट्टू झाला. मग त्यानं आपला एक आतेभाऊ कसा एकटा आहे, स्वभावानं किती गोड आहे, हे सविस्तर सांगितलं. गिऱ्हाईकरावांची पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली ती तशीच राहिली. गुडघ्याकडे कोणी बघितलंच नाही. खोट्या गुडघ्याचाही अपमान होऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण सोंग घेणं सोपं, उतरवणं अवघड. दुसऱ्या दवाखान्यातून लंगडत बाहेर पडताना त्यांना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं. काकूंनी पाहिलं म्हणजे इमारतीनं पाहिलं. आता जिन्यात लंगडणं आलं. काकू हातातली पिशवी ओढून घेत आणि एकेका पायरीवर थांबून म्हणत, "सावकाश हं, घाई नाही." एक मात्र झालं, इतक्या सावकाश चढल्यावर अंधारी येईना. गिऱ्हाईकरावांना वाटलं, बरं वाटू लागलं.

मग बातमी ऑफिसात पोचली. साहेबांनी बोलावून घेतलं. "लंगडणारा माणूस दुकानदाराच्या लक्षात राहतो," साहेब म्हणाले. "आणि लक्षात राहणारं गुप्त गिऱ्हाईक काय कामाचं? बरे होईपर्यंत टेबलावर बसा." मोकळ्या वाऱ्यावरचा माणूस फायलींच्या गठ्ठ्यामागे गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. यांनी गुडघा दाखवला होता.

तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. तिसरा दवाखाना एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. बाकं लाकडी, पंखा कुरकुरणारा. आत बसलेल्या डॉक्टरीणबाईंना स्वतःलाच सर्दी झाली होती आणि त्याचा राग त्या सगळ्यांवर वाटून देत होत्या.

"काय होतंय?"

"गुडघा. उजवा. माझा जोडीदार शेकून देतो. पुरुष आहे तो."

"पाय वर घ्या."

गिऱ्हाईकराव बघत राहिले. पेन थांबलं नाही, हसू वाढलं नाही, हवा आहे तशीच राहिली. बाईंना ऐकू गेलं नसावं असं त्यांना वाटलं. "माझा जोडीदार," ते पुन्हा म्हणाले, "पुरुष आहे."

"ऐकलं की. गरम पाण्यानं शेकतात का कोरडं?"

गिऱ्हाईकरावांना गहिवरून आलं. इतका रुक्ष प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. हीच, त्यांनी मनात शिक्का मारला, हीच आपली डॉक्टर. बाई मात्र गुडघा दाबत होत्या, वळवत होत्या, ठोकत होत्या. मग त्यांनी दुसराही ठोकून पाहिला.

"येताना डावा पाय ओढत आलात," त्या म्हणाल्या. "आणि दुखतो उजवा."

"तो... बदलत असतो."

"दोन्ही गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत." बाईंनी नाक पुसलं. "हे बघा, पेशंटला वास येत असेल तर चालतो, तो भांडखोर असेल तरी चालतो. खोटं बोलणारा नाही चालत. मी औषध देणार एकाला आणि दुखणार भलतंच. तुम्ही दुसरा डॉक्टर बघा. नेक्स्ट."

माणसं पारखण्यात उभी हयात गेली, आणि आज पहिल्यांदाच समोरच्यानं त्यांना पारखून परत केलं होतं. गिऱ्हाईकराव घरी आले आणि चुळबुळत त्यांनी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. घरात शिरताच लंगडणं संपायचं, त्यामुळे मास्तरांना गुडघ्याचा पत्ताच नव्हता. काकू वाटेत विचारायच्या, "शेकता ना नीट?" तेव्हा त्यांना वाटायचं, काकूंचं वय झालं.

"म्हणजे," मास्तर फार शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे बोलले की तलावावरची पोरं निमूट पाण्याबाहेर येत, "अंधारी येते तुला. आणि इतके दिवस तू गावभर गुडघा दाखवत फिरतोयस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"अरे, पण डॉक्टर सापडली ना."

"सापडली आणि हाकलून दिलं."

"तेवढंच."

"बूट घाल," मास्तर म्हणाले. "पट्टा नसलेले."

दवाखान्याच्या जिन्याशी आल्यावर गिऱ्हाईकरावांना अवदसा आठवली. आपला गुडघा ठणठणीत आहे, आपण सुधारलो आहोत, हे बाईंना दिसलं पाहिजे म्हणून ते मास्तरांच्या पुढे होऊन दोन दोन पायऱ्या चढत गेले. सगळा जिना असा चढले आणि दवाखान्याच्या दारातच मटकन खाली बसले. भिंती गोल फिरू लागल्या.

बाहेरच्या टेबलावर नावं लिहून घेणाऱ्या बाईनं मान उंचावून पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, "मॅडम, ते गुडघेवाले आलेत. आज चक्कर आणलीय."

"पाणी द्या आणि घरी पाठवा," आतून आवाज आला.

"अहो, ही खरी आहे," मास्तर म्हणाले.

"गुडघाही खराच होता म्हणे," टेबलावरची बाई म्हणाली.

मग मास्तरांनी वाद घातला नाही. बुडणाऱ्याला काढतात तसा त्यांनी गिऱ्हाईकरावांच्या काखेत हात घातला, सगळा माणूस उचलला आणि पडदा खांद्यानं सारून थेट आतल्या तपासणीच्या टेबलावर नेऊन ठेवला. आत कुणी खोकणारे आजोबा बसले होते, ते मुकाट्यानं उठून बाहेर गेले. बाईंनी रागानं नाडी धरली. धरल्यावर त्यांचा राग गेला. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मास्तरांचा हात गिऱ्हाईकरावांच्या हातात होता आणि तो कोणाचा कोण, असं कोणी विचारलं नाही.

"ब्लडप्रेशर," शेवटी बाई म्हणाल्या. "चांगलंच चढलंय. औषध आहे याला, घाबरायचं कारण नाही. पण आणखी थोडे दिवस गुडघे घेऊन हिंडला असतात तर मग होतं. आता मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. दिलंत तर तुम्ही माझे पेशंट."

"विचारा," गिऱ्हाईकराव क्षीण पण तृप्त आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांनी सगळं जमून आलं होतं. डॉक्टर मिळाली होती, मास्तर शेजारी होते, आणि हवा जशीच्या तशी होती.

"मीठ?"

"बेताचं."

मास्तर खाकरले. "पानात पडायच्या आधी वरून घेतो. चव बघून घ्यायची पद्धत नाही आमच्याकडे."

बाईंनी लिहून घेतलं. "सिगारेट?"

"सोडली," गिऱ्हाईकराव म्हणाले.

"बाल्कनीत जाऊन सोडतो," मास्तर म्हणाले. "कुंडीत थोटकं पुरतो. त्याला वाटतं मला कळत नाही. रोप गेलं त्यात."

"व्यायाम?"

"तो... चालणं होतं," गिऱ्हाईकराव म्हणाले.

"टीव्हीपासून फ्रिजपर्यंत," मास्तर म्हणाले. "फ्रिज जवळ आणू या म्हणून मागे लागलाय."

बाईंच्या चेहऱ्यावर सर्दी असूनही उजेड पडत चालला होता. त्यांनी खुर्ची किंचित वळवली आणि पुढचे प्रश्न त्या सरळ मास्तरांनाच विचारू लागल्या. झोप किती, चिडचिड कशी, आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कधी पुऱ्या घेतल्या होत्या का. मास्तरांनी सगळ्यांची उत्तरं दिली. न विचारलेल्याही एक-दोन प्रश्नांची दिली. बाईंनी कागद उलटून पाठीमागे लिहायला घेतलं.

"डॉक्टर," गिऱ्हाईकराव टेबलावर अर्धवट उठून बसले, "यांना जरा बाहेर बसवता येईल का?"

बाईंनी मान वर केली. "का? त्या दिवशी तुम्ही मला दोनदा सांगितलंत, जोडीदार आहे म्हणून. तेही खोटंच होतं का?"

गिऱ्हाईकरावांनी मास्तरांकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं, आणि दाताखालून शब्द काढल्यासारखे म्हणाले, "नाही. ते खरं आहे."

"मग बसतील ते इथंच. हं, बोला तुम्ही, बाल्कनीत साधारण किती वेळा?"

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.