एकवीसपैकी एकवीस

“एकही रकाना रिकामा सोडायचा नाही!” पहिल्या साहेबांनी तीस वर्षांपूर्वी दिलेली ही ताकीद हेडक्लार्कनी व्रतासारखी पाळली होती. मान आखडली म्हणून ते दवाखान्यात गेले आणि तिथल्या समुपदेशक ताईंनी ‘सगळ्यांनाच देतो’ म्हणत चिंता मोजायचा तक्ता पुढे केला, तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. पहिला प्रश्न : गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का? मान तर रोजच ठणकत होती. त्यांनी ‘जवळजवळ रोज’खाली खूण केली आणि दफ्तरातल्या शिरस्त्याने खालच्या सहाही ओळींत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा ओढून दिल्या.

ताईंनी बेरीज केली. त्यांचा चेहराच उतरला.

“काका, एकवीसपैकी एकवीस! काहीतरी भयंकर घडणार, असं रोज वाटतं?”

“मला? कोण म्हणतं?”

“तुम्हीच लिहिलंय.”

“अहो, तो शिरस्ता आहे!” ते कडाडले.

“आणि चिडचिड,” ताई हळूच म्हणाल्या, “तीही रोज.”

ताईंनी कळकळीने घरी फोन केला, तक्त्याचा फोटोही पाठवला. हेडक्लार्क घरी पोचेपर्यंत बायकोने चहा बंद करून वर्तमानपत्र लपवलं होतं.

“अगं, मी ठणठणीत आहे!”

“आवाज चढवू नका. सहाव्या प्रश्नात आहे ते.”

संध्याकाळी लेकीचा फोन आला. सुट्टीत नात आठवडाभर यायची होती. तिच्यासाठी त्यांनी वर्षभर रजा राखून ठेवली होती.

“बाबा, आधी पुन्हा तपासून घ्या. मग बघू पाठवायचं का.”

हे मात्र वर्मी लागलं. तीस वर्षांत कधी खाडाखोड नाही, आणि एका कागदावरून आपल्या नातीला आपल्याच घरी बंदी? पंधरा दिवस ते धुमसत राहिले. झोप उडाली, जेवण जाईना, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे.

सोळाव्या दिवशी बायकोला घेऊन ते दवाखान्यात गेले. एकेक ओळ वाचून, देवाला स्मरून, खरं तेच लिहिलं. बेरीज झाली चौदा.

“सात गुण उतरले!” ताई आनंदल्या. “केवढी सुधारणा!”

“सुधारणा? अहो, तेव्हा मला काही म्हणजे काही होत नव्हतं! खरा त्रास तर आत्ता...”

बायकोने कोपर मारलं. “नात,” ती पुटपुटली.

हेडक्लार्कनी मान डोलावली.

“लेकीला मी कळवते, खुशाल पाठव म्हणून,” ताई म्हणाल्या. “फक्त एक वचन द्या. रोज सकाळी अर्धा तास चालायचं. मनात राग न ठेवता.”

“दिलं,” ते दात आवळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी बूट चढवले. आत बायको लेकीला फोनवर सांगत होती, “किती शांत झालेत गं! गुण आला बघ त्या तक्त्याचा.”

ओठांपर्यंत आलेलं त्यांनी गिळलं, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि मुकाट्याने चालू लागले.