मानाजीरावांचा काबुली

मानाजीरावांनी शेळ्या पाळल्या आणि माळव्यातल्या नालछ्याच्या कोल्ह्यांना सुगीचे दिवस आले. पूर्वजांनी घोडदळ सांभाळलं, मग शेळ्या काय चीज, अशा तोऱ्यात त्यांनी कळप घेतला होता. पण ते आजोबांची तलवार उपसून पुढच्या दारी उभे राहिले, की कोल्हे मागच्या कुंपणातून करडू पळवत.

"अहो, गाढव आणा," उमाबाई शेवटी म्हणाल्या. "आमच्या अमझेऱ्याला कळपात गाढव असतंच. कोल्हा दिसला की लाथाच घालतं."

"सरदाराच्या दारात गाढव? अन् उद्या देवासहून रघुजीराव मुलासाठी आपल्या इंदूला बघायला येणार!"

"मग त्यांना वाढू काय? एकच बोकड उरलाय, तोही आज जाईल."

रावांनी तोडगा काढला. घोड्याची जरीची झूल काखोटीला मारून ते बाजारात गेले, कुंभाराकडून गाढव घेतलं आणि पार झाकून टाकलं. कान तेवढे बाहेर राहिले. उघड्या गाढवाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, पण जरीतलं गाढव बघायला सगळा बाजार लोटला.

"सरदार, धिंड किसकी है?" हलवायाने विचारलं.

"धिंड नाही! बाजूला व्हा!"

"अरे भिया, एवढं सजवलंय म्हणजे कोई बडा आदमी बैठेगा!" गर्दीतला एक ओरडला.

लगेच कुणीतरी ढोल आणला. गाढवावर कोण बसणार हे पाहायला लोक मागोमाग निघाले. वेस आली तरी गुन्हेगाराचा पत्ता नाही, तेव्हा सगळे रावांकडेच बघू लागले.

"सरदार," हलवायाने हळूच विचारलं, "आपने किया क्या?"

नेमकी तेव्हाच समोर एक बैलांची दमणी येऊन थांबली. आतून रघुजीराव उतरले. उद्याचा दिवस चांगला नव्हता, म्हणून ते आजच आले होते.

"हे काय, मानाजीराव?"

"काबुली घोडा," रावांच्या तोंडून निघून गेलं. "ही जात बुटकीच असते."

तेवढ्यात काबुली घोडा मान वर करून मनसोक्त ओरडला. रघुजीरावांनी मिशीवरून हात फिरवला.

घरी इंदूने खाली मान घालून पाहुण्यांना पानसुपारी दिली. आपल्या पोकळ डौलापायी पोरीचं लग्न मोडणार, या विचाराने राव रडायचे तेवढे बाकी होते. इतक्यात अंगणातून एक कोल्हा जीव घेऊन पळाला आणि त्याच्यामागून जरीची झूल उधळत गाढव धावलं. बोकड शाबूत होता.

रघुजीराव उठून उभे राहिले. "मुलगी पसंत आहे. हुंडा नको. मानपानात फक्त तो घोडा द्या."

रावांना राहवेना. "रघुजीराव, ते गाढव आहे हो!"

"दिसतंय की! आमच्या कोंबड्या कोल्ह्यांनीच संपवल्या. पण भर बाजारातून गाढव आणायची लाज वाटते. वरातीत झूल घालून आलं, तर कोण काय म्हणणार?"

रावांनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली. मिठी सुटताच त्यांचा चेहरा उतरला. आपल्या शेळ्यांचं काय?

दाराआडून उमाबाईंचा आवाज आला, "येत्या बाजाराला दुसरं आणा. अन् या खेपेला झूल त्याला नको, तुम्हीच पांघरून जा."