इंगोले सरांची लाल रेघ

आमच्या शेजारचे इंगोले सर भरदुपारी कॉम्प्युटरला दम देतात. "अबे, एवढं बी समजत नाई तुले?" हे भिंतीपलीकडून ऐकू आलं की आमच्याकडे चहाचं आधण चढतं, कारण सर आता तक्रार घेऊन येणार असतात.

सरांनी अमरावतीत जन्मभर गणित शिकवलं. अवघड पायरी आली की "हे त उघडच आहे ना बाप्पा!" म्हणायचं आणि फळा पुसायचा, ही त्यांची पद्धत. कोणी "काहून?" विचारलंच, तर त्याला वर्गाबाहेरची हवा खायला मिळे. निवृत्तीनंतर देवानं त्यांना नेमकं असं सॉफ्टवेअर दिलं, ज्यात गणिताची सिद्धता पायरी-पायरीनं लिहून द्यावी लागते. पायरी पटली नाही की खाली लाल रेघ. 'उघड आहे' तिथे चालत नाही. सरांचे जुने विद्यार्थी पेढे वाटायचेच बाकी आहेत.

दोन आकडे उलटसुलट मिळवले तरी बेरीज तीच येते, एवढं पटवण्यात सरांचे दोन दिवस गेले. "दुसरीतल्या पोराले समजते हे!"

"मग त्यालाच बसवा की," मी म्हटलं.

त्यानंतर मूळ संख्या अनंत आहेत, हे सिद्ध करायला घेतलं. जगाला ते कधीचंच ठाऊक आहे, पण सरांची खात्री व्हायची होती. इंगोले वहिनी वारल्यापासून अकोल्याची मुलगी रोज फोनवर म्हणते, "बाबा, इकडेच राहाले या." सरांचं उत्तर ठरलेलं, "सिद्धता करून राहिलो ना बाई. अर्ध्यावर कशी सोडू?" जवळच्या बडनेऱ्याला गाडीत बसलं की अकोला, पण सरांना वाटेत सगळ्या मूळ संख्या आडव्या येतात.

काल सरांनी हाक मारली. पडद्यावर एकही लाल रेघ नव्हती.

"झालं की सर! भरा आता बॅग."

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला. त्यांनी मधली एक ओळ खोडली. लगेच रेघ उमटली.

"अहो, हे काय केलं?"

"अकोल्याले जावई माझ्या हर बोलण्याले 'बरोबर आहे बाबा' म्हन्ते," सर पडद्याकडे पाहत म्हणाले. "तुमची वहिनी मले दिवसभर चूक म्हने, भाऊ. घर कसं भरलेलं वाटे."

  खुर्ची ओढून मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "सर, मला तर ही वरची ओळही चुकलेली दिसते."

"हट्! तुमाले काय कळते गणितातलं!" सर खेकसले, आणि किती तरी दिवसांनी खुशीत दिसले.