सोजराबाई, वय अडुसष्ट, खोली नंबर सात

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी साताऱ्याच्या एका हॉटेलातून सोजराबाई, वय अडुसष्ट, राहणार मोशी, या आगीच्या वेळी बेपत्ता झाल्या. असं काहीही झालेलं नाही. आग लागली नव्हती, सोजराबाई साताऱ्यात नव्हत्या आणि मोशीच्या घरात या विषयावर कुणी बोलतही नाही. तेव्हा आपण आपलं पहिल्यापासून सुरू करू.

सोजराबाईंचा मुलगा गणराज चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. कामाचं स्वरूप : घाबरणं. बाकीचे लोक फुकट घाबरतात, गणराजला त्याचा पगार होता. घरीसुद्धा त्यानं देवापुढच्या निरांजनापासून दीड मीटरवर पिवळी पट्टी मारली होती आणि सोजराबाई ती रोज सकाळी तुडवून आत जायच्या. त्याला मनापासून भीती वाटायची ती दोघींची, आगीची आणि आईची. आगीसाठी निदान लाल सिलिंडर तरी मिळतो.

लग्नाला सहा वर्षं झाली, पण गणराज आणि तनुजा दोघंच असे कुठं गेले नव्हते. मागच्या वर्षी महाबळेश्वर ठरलं तेव्हा सोजराबाई "मी काय, कोपऱ्यात बसंन" म्हणत गाडीत बसल्या. मग दोन आत्या, एक चुलता आणि पिठाचा डबा यांनाही कोपरे लागले. म्हणून यंदा घरी काही बोलायचंच नाही असं ठरलं. सांगायचं एवढंच : गणराजचं कंपनीचं निवासी ट्रेनिंग, तनुजा सांगवीला बहिणीकडे.

"मला काही दाखवू नका," तनुजानं आधीच सांगितलं होतं. "मला फक्त गरम पाण्यानं अंघोळ करायचीय. आणि दार वाजता कामा नये."

मोशीच्या घरात माणसं अकरा आणि न्हाणीघर एक. सहा वर्षांत तिची एकही अंघोळ दार न वाजता पुरी झाली नव्हती.

जानेवारीतला सातारा या कामाला उत्तम. कासची फुलं वाळलेली, धबधबे आटलेले, हॉटेलं ओस. यांच्या हॉटेलात तर हे दोघंच पाहुणे. मॅनेजर ज्योतीराम आणि स्वयंपाकाच्या कस्तुराबाई, एवढाच स्टाफ.

"आधार कार्डाची झेरॉक्स द्या सर, दोघांची," ज्योतीराम म्हणाला.

गणराजच्या गाडीत झेरॉक्सचा गठ्ठाच असायचा. वडील गेल्यापासून सातबाऱ्यावर आईचं नाव होतं आणि तलाठ्यापासून वकिलापर्यंत कोण कधी काय मागेल याचा भरवसा नव्हता. गणराजचं लक्ष होतं दरवाजा बाहेर उघडतो की आत, याकडे. त्यानं न बघता गठ्ठ्यातले दोन कागद दिले. ज्योतीरामनं न बघता ते रजिस्टरला टाचले.

"आग लागली तर जमायचं कुठं?" गणराजनं विचारलं.

"कुठं लागलीया सर?"

"लागली तर."

"मंग पळायचं की."

गणराजनं खिशातून खडू काढला आणि पार्किंगमध्ये चौकोन आखला. "अलार्म झाला की सगळे इथं. मेन स्विच बंद. मग नुसती डोकी मोजायची नाहीत, रजिस्टर बघून नावानं हजेरी. जो सापडणार नाही त्याच्या घरी एका मिनिटात फोन. मला विचारत बसायचं नाही. कुणालाच विचारायचं नाही."

रजिस्टरात आपत्कालीन संपर्काचा रकाना नव्हता. तो त्यानं पट्टीनं आखला आणि कॉलेजपासून प्रत्येक फॉर्मवर जो नंबर लिहीत आला तोच सवयीनं लिहून टाकला.

खोलीत गेल्यावर त्यानं बॅगेतून स्वतःचा धुराचा अलार्म काढला आणि बाथरूमच्या दारावर चिकटवला.

"तिथं कशाला?" तनुजा म्हणाली.

"आग कुठूनही येऊ शकते."

"बाथरूममधून?"

"तिथून येईल असं कुणालाच वाटत नाही. म्हणूनच."

तनुजानं कडी लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत ती गुणगुणत होती, आणि दाराच्या वरच्या फटीतून दाट पांढरी वाफ अलार्मकडे निघाली होती.

अलार्म किंचाळला तेव्हा ही वाफ आहे हे गणराजला कळलं होतं. पण कुठलाही अलार्म खोटा नसतो, हा बोर्ड कारखान्यात त्यानंच लावला होता. त्यानं दार वाजवलं, दोन्ही मुठींनी.

"अहो, वाफ आहे ती!"

"ते चौकशीत ठरेल! आधी बाहेर ये!"

पार्किंगमध्ये बोचरा वारा होता. चौकोनात तनुजा स्वेटर आणि ब्लँकेट गुंडाळून उभी होती, डोक्यावर शांपूचा फेस. कस्तुराबाई हातात पळी घेऊन आल्या होत्या. ज्योतीरामनं मेन स्विच पाडला आणि रजिस्टर उघडलं.

"गणराज भिमाजी?"

"हजर."

"सोजराबाई भिमाजी?"

गणराज झेरॉक्सकडे वाकला.

"सोजराबाई? वय अडुसष्ट?" ज्योतीरामनं झेरॉक्सवरचा फोटो बघितला, मग तनुजाकडे बघितलं. "सर! आजी आतच ऱ्हायल्या!"

"नाही, अरे, ते..." गणराज रजिस्टर ओढू लागला.

कस्तुराबाईंनी पळी तनुजाकडे रोखली. "आन् ह्या कोन मंग?"

"मी बायको आहे यांची."

"रजिस्टरात न्हाईसा तुमी."

एक मिनिट झालं होतं. ज्योतीरामनं कुणालाही न विचारता फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"हॅलो, साताऱ्याच्या हॉटेलातनं बोलतोय. घाबरू नगा. सोजराबाई सापडंनात."

"कोन सापडंना?"

"सोजराबाई भिमाजी. अडुसष्ट वर्सांच्या."

"आरं, मीच हाय की ती!"

"तुमी? कुठं हाय तुमी?"

"घरी. मेथी निवडतीया."

ज्योतीरामनं फोन हातानं झाकला. "सर, आजी मोशीपातुर पळाल्या."

"ए पोरा," फोन बोलला, "तितं आनी कोन कोन हाय?"

"गणराज सर हायती. आन् एक बाई हाय, डोक्याला फेस लावल्याली. तिचं नाव कुठंच न्हाई."

तनुजानं डोळे मिटले. गणराजनं पळायच्या वाटा पाहिल्या. दोन होत्या, दोन्ही मोशीकडे जात होत्या.

"गण्या," शेवटी आवाज आला, "ती तनुजाच हाय न्हवं?"

"हो आई."

"बरं."

आणि फोन बंद झाला. आयुष्यात आईनं एका शब्दात फोन ठेवला नव्हता. या "बरं"नं गणराजच्या अंगावर जो काटा आला तो सकाळपर्यंत खाली बसला नाही. पाडलेला मेन स्विच परत वर बसेना. तनुजानं गार पाण्यानं फेस धुतला, निम्माच.

सकाळी साडेआठला वायरमननं स्विच बसवला, गीझरचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी रिसेप्शनवरून ओळखीचा आवाज आला.

"खोली माज्या नावावर हाय म्हनं."

सोजराबाई रात्रीच ज्योतीरामकडून फोनवर पत्ता घेऊन पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या, ओरिजिनल आधार कार्ड घेऊन. ज्योतीरामनं फोटो ताडून बघितला आणि रजिस्टरात लिहिलं : सापडल्या.

"आई, चुकलं," गणराज म्हणाला. "सांगायला पाहिजे होतं."

"व्हय की. सांगितलं आसतं तर समदीच आलो आसतो." त्यांनी खोली न्याहाळली. "गरम पानी हाय?"

"आहे," तनुजा म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"पन्नास वर्सं झाली त्या घरात," सोजराबाई बदलायचं पातळ खांद्यावर टाकत म्हणाल्या, "पर दार वाजल्याबिगर एक आंगूळ न्हाई झाली माजी."

आतून कडी लागली. अर्धा तास गेला, मग पाऊण. आत सोजराबाई गुणगुणत होत्या. दाराच्या फटीतून वाफ निघाली तसा गणराज खुर्चीवर चढला आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच त्यानं अलार्मची बॅटरी काढली. तनुजानं वाजवायला वर नेलेला हात खाली घेतला. दहाला खोली सोडायची होती. तिनं रिसेप्शनवरून कागद मागवून घेतला.

प्रति,
मा. सेफ्टी ऑफिसर (घरगुती), मोशी.

विषय : अर्धवट राहिलेली अंघोळ पूर्ण करण्यासाठी वीस मिनिटे मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराचे नाव कोणत्याही रजिस्टरात नाही. सबब आग लागल्यास अर्जदारास वगळून हजेरी घ्यावी व दार वाजवू नये, ही नम्र विनंती.

प्रत माहितीसाठी : मा. सोजराबाई, सध्या मुक्काम बाथरूम.