सबनीसकाकांचं मेक्सिको

सबनीसकाकांच्या घरी जाताना चपला दाराबाहेर आणि अंगठ्या, घड्याळं, बांगड्या दाराशी ठेवलेल्या पितळी वाटीत. "मातीला धातूचा ओरखडा सोसत नाही," हे काकांचं म्हणणं.

जर्मनीत म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तरुणपणी मोटारींच्या कंपनीनं त्यांना मेक्सिकोत पुएब्लाला पाठवलं होतं. तिथून ते इंजिनिअर कमी आणि कुंभार जास्त होऊन परतले. भिंतीभर फडताळं आणि फडताळांत नुसती मडकी.

कॉफी मात्र सुपरमार्केटच्या मगात मिळे आणि ती पार निवेपर्यंत इतिहास चाले. "हे पुएब्लाचं. चकाकी स्पेनहून आली, निळाई चिनी भांड्यांवरून उचलली, माती तिथलीच. आणि ही काळी सुरई वहाकाची. भट्टी लिंपून धुरात भाजतात. गेनाऊ?" आपणही जर्मनमध्ये 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर' म्हटलं, की पुढचं मडकं.

एकदा माझ्या सासूबाईंनी विचारलं, "यात पाणी छान गार राहत असेल, नाही?"

"अहो, ही पाझरते. हिच्यात पाणी ठेवायचंच नसतं."

"मग घेतलीत कशाला?"

काकांनी सुरई उचलून परत फडताळात ठेवली. स्वयंपाकघरातून नलूकाकूंचं हसू ऐकू आलं. "मी पुएब्लापासून हेच विचारतेय हो!"

त्या काकू पुढे विसरू लागल्या. आधी एस-बान लोकलचं स्टेशन, मग म्युनिकमधल्या मुलीचं नाव. आणि या हिवाळ्यात काकांना.

परवा शिरा घेऊन वर गेले, तर काकू खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर मेक्सिकोतल्या तोनालाचं मातीचं बदक. काकांचं सगळ्यात लाडकं, पाहुण्यांनी नुसतं लांबून बघायचं. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला बघून उठायला गेल्या आणि बदक खाली पडून फुटलं.

काका गुडघे टेकून तुकडे वेचू लागले.

काकू घाबरून गेल्या होत्या. "अहो, तुमची वस्तू फुटली माझ्या हातून. घरी तुमची बायको रागावेल का हो?"

काकांचे हात थांबले. मग परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं ते म्हणाले, "छे हो. तुम्ही काळजी करू नका. फार मायाळू आहे ती."

काकूंचा जीव भांड्यात पडला. "नशीबवान आहात," त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली, आणि उठून फडताळातलं दुसरं बदक काढून काकूंच्या मांडीवर ठेवलं.